बुधवार, साडेसहा ते साडेनऊ: चर्च

ऑरिन झॅस्ट्रोने आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या: लोकांच्या मोटारींचे विमे उतरवले आणि दर बुधवारी पत्ते कुटले. विम्याच्या धंद्यात तो डेनब्रुकमध्ये पहिल्या क्रमांकावर होता, कारण गावात दुसरा एजंट नव्हता. पत्त्यांची गोष्ट वेगळी. विस्कॉन्सिनमध्ये शीप्सहेड हा पत्त्यांचा डाव पोरं चालायच्या आधी शिकतात, त्यामुळे तिथे नाव काढायचं तर मेहनत लागते. ऑरिनला खेळ बेताचाच येत होता. मग त्याने हजेरीत नाव काढलं. गॉर्डी श्लिमगेनच्या बारमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर पितळी पट्टी स्क्रूंनी बसवलेली होती: 'ऑरिन झॅस्ट्रो, एकतीस वर्षं, एकही बुधवार न चुकवता.' ही पट्टी ऑरिनने स्वतःच करवून आणली होती. हे गॉर्डी विचारलं तर सांगायचा, आणि न विचारलं तरी सांगायचा.

या विक्रमासाठी ऑरिनने कमी खस्ता खाल्ल्या नव्हत्या. आईची मूठमाती त्याने गुरुवारवर ढकलली होती. मुलगी जन्मली त्या संध्याकाळी तो दोन डाव खेळून इस्पितळात पोचला होता, आणि बायको लव्हॉन तोंड फिरवून पडलेली पाहून म्हणाला होता, "तिने थांबायला हवं होतं, मी साडेनऊला येणारच होतो." लव्हॉनने हे वाक्य एकोणतीस वर्षं जपून ठेवलं होतं, आणि पाहुणे आले की ती ते बाहेर काढायची.

अशा माणसाने ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, भाचीच्या लग्नात ब्रँडीचे किती पेले झाले याचा हिशेब सोडून दिल्यावर, घरी परतताना 'डेनब्रुक आपलं स्वागत करीत आहे' या पाटीला गाडीसकट मिठी मारली. पाटी पडली. ऑरिनला खरचटलंही नाही, आणि त्याबद्दल गावात कोणी फारसा आनंद व्यक्त केल्याचं ऐकिवात नाही. त्या राज्यात दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडणं हा गुन्हा धरत नाहीत. चुकीच्या जागी गाडी लावल्यासारखी एक चिठ्ठी मिळते, आणि लोक गोवर येऊन गेल्यासारखं त्याबद्दल बोलतात. ऑरिनचं लायसन्स आठ महिन्यांसाठी गेलं.

पण सरकार मायाळू. लायसन्स काढून घेतलेल्या माणसाची पोटापाण्याची आबाळ होऊ नये म्हणून ते त्याला दुसरं, मर्यादित लायसन्स देतं. कोणत्या वारी, किती ते किती, कशासाठी, कोणत्या काउंटीत म्हणजे जिल्ह्यात, ते आधी फॉर्मात लिहून द्यायचं. आठवड्याला साठ तासांच्या वर जायचं नाही. आणि सोबत, या धोकादायक इसमाचा विमा आम्ही उतरवला आहे, असा एजंटचा दाखला जोडायचा. ऑरिनने आजवर असे शेकडो दाखले दिले होते, आणि प्रत्येक दाखल्याबरोबर चष्मा कपाळावर चढवून अर्ध्या तासाचं व्याख्यानही. आता टेबलाच्या अलीकडेही तोच आणि पलीकडेही तोच. त्याने स्वतःचा हप्ता तिप्पट केला, कारण नियम म्हणजे नियम. व्याख्यान तेवढं माफ केलं.

फॉर्म भरायला लव्हॉन बसली. तिचं अक्षर बरं होतं.

"सोमवार ते शुक्रवार आठ ते पाच, काम," ती म्हणाली. "शनिवारी सकाळी वाणसामान. पुढे?"

"बुधवार संध्याकाळ."

"बुधवार संध्याकाळी काय?"

"काय म्हणजे? वाच ना, तिथे काहीतरी असेल. इतर म्हणून."

लव्हॉनने चष्मा पुसला आणि सावकाश वाचलं. "नोकरी. शिक्षण. दवाखाना. घरकाम. चर्च." मग कागद उलटून मागेही पाहिलं. "पत्ते नाहीत बाई."

"नीट बघ."

"हरणाची शिकारसुद्धा नाही, ऑरिन."

हे मात्र गंभीर होतं. पुढे गावात लोकांनी त्याची कीव केली ती याच एका गोष्टीसाठी.

"तू सोडशील का मला बुधवारी?"

"मी तुला इस्पितळात नेईन, तुरुंगातून घरी आणीन. गॉर्डीकडे नाही नेणार."

मित्रांच्या गाडीत बसून जाणं म्हणजे शाळेच्या बसमधून उतरल्यासारखं दिसलं असतं. एकतीस वर्षांच्या विक्रमवीराला ते शोभणारं नव्हतं. ऑरिन बराच वेळ त्या पाच शब्दांकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, की लव्हॉनला आधी पक्षाघाताचीच शंका आली.

गावातलं ल्युथरन चर्च गॉर्डीच्या बारच्या बरोब्बर समोर होतं. पास्टर रेनाटा येल्म यांच्याकडे तीन गावांची तीन चर्चं असल्यामुळे डेनब्रुकच्या वाट्याला एकाआड एक रविवार आणि दर बुधवारची संध्याकाळ आली होती.

"लिही," ऑरिन म्हणाला. "बुधवार, साडेसहा ते साडेनऊ. चर्च."

"तू चर्चमध्ये शेवटचा कधी गेला होतास?"

"आपल्या लग्नाला."

"आणि बसणार कुठे? चर्चमध्ये की गॉर्डीकडे?"

"हा कागद गाडी कुठे जाते ते विचारतोय. पाय कुठे जातात ते कुठे विचारलंय?"

"ल्युथरने एवढा दंगा केला तो तुझ्या पार्किंगसाठी नव्हता," लव्हॉन म्हणाली. पण लिहिलं. तिलाही बुधवारी टीव्ही एकटीने बघायची सवय होती.

पहिल्या बुधवारी ऑरिनने चर्चच्या आवारात गाडी लावली आणि कॉलर वर करून रस्ता ओलांडायला लागला. निम्म्या रस्त्यात त्याच्यावर टॉर्चचा झोत पडला. डेप्युटी काइल प्रॉक्नो, लव्हॉनचा भाचा. नोकरीत नवा होता, त्यामुळे अजून कायदे वाचायचा.

"ऑरिनकाका, चर्च मागे राहिलं."

"पाय मोकळे करतोय."

"मग गाडी इथेच ठेवून घरापर्यंत मोकळे करा. साडेसहा मैल आहेत. कागदावर चर्च लिहिलंय. मी पास्टरबाईंना विचारणार, तुम्ही येता की नाही. नाही म्हणाल्या, तर हेही लायसन्स जाईल, आणि लव्हॉनमावशी मलाच जेवायला बोलवायची बंद होईल. मला दोन्ही नकोय."

पास्टर येल्म दारातच उभ्या होत्या. उंच, हाडकुळ्या बाई. पायात गमबूट, हातात बर्फाचं फावडं.

"मिस्टर झॅस्ट्रो, मी खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही आत बसलात, तर खरं बोलायला मला काहीच त्रास नाही. प्रार्थना सव्वासातला संपते. समोरचे पत्ते किती वाजता सुरू होतात?"

"साडेसात," ऑरिन म्हणाला, आणि मग जीभ चावली.

"मग तुमच्याकडे पंधरा मिनिटं उरतात," असं म्हणून त्यांनी फावडं त्याच्या हातात दिलं.

अशा रीतीने ऑरिन झॅस्ट्रो धर्माला लागला. बुधवारच्या प्रार्थनेला नऊ बायका असायच्या. त्यांतली सर्वांत लहान एकाहत्तर वर्षांची, आणि सर्वांत मोठी अर्डिस मोल्झान सत्त्याऐंशीची. अर्डिसबाई ऐकण्याचं यंत्र घरी ठेवून यायच्या, कारण प्रवचनं त्यांना पाठ होती. ऑरिन शेवटच्या बाकावर बसायचा. पहिल्या महिन्यात त्याने बर्फ उपसला. दुसऱ्यात कॉफीच्या पिंपाची तोटी बसवली. नाताळपर्यंत तळघरातला गालिचा त्याने एकट्याने उचलून धुवायला नेला होता. सव्वासात वाजता तो 'आमेन' इतक्या तत्परतेने म्हणायचा, की पास्टरबाईंचं वाक्य कधीकधी मागे पडायचं. आणि साडेसातला खिडकीजवळच्या टेबलावर, पितळी पट्टीपुढे, हिरवं सरबत पीत बसलेला असायचा. परत गाडी चालवायची म्हणून दारू बंद होती. विक्रम चालू होता. त्याचा अभिमान शाबूत राहायला एवढं पुरेसं होतं.

अशी युक्ती पोटात ठेवणं कोणालाही अवघड, विमा एजंटला तर अशक्य. काउंटीत कोणाकोणाचं लायसन्स गेलंय याची यादी त्याच्याच कपाटात होती. दाखला मागायला आलेल्या प्रत्येकाला ऑरिन आता व्याख्यानाऐवजी सल्ला देऊ लागला. आधी मर्लिन दुफेक आला. त्याचा गुरांच्या खाद्याचा धंदा, लायसन्स जायची ही दुसरी खेप, आणि गॉर्डीच्या बारमध्ये खिडकीजवळच्या त्या टेबलावर वर्षानुवर्षं डोळा. मग दोघे छपरं शाकारणारे आले, मग एक दंतवैद्य, मग शाळेचा माजी मुख्याध्यापक. जानेवारी संपेतो मागचे चार बाक भरले. एकूण सव्वीस पुरुष, सगळे पुदिन्याच्या गोळ्या चघळणारे, सगळ्यांची नजर घड्याळावर. स्तोत्रं मात्र दणक्यात म्हणायचे. आवाज त्यांनी वर्षानुवर्षं समोरच तयार केले होते. रविवारी यांच्यातलं कोणी फिरकत नसे, कारण रविवारी फुटबॉल असायचा, आणि तो घरी बसून बघता यायचा.

आणि अशा भरभराटीत ते पत्र आलं. धर्मप्रांताच्या कचेरीने कळवलं होतं, की डेनब्रुकचं चर्च बंद करून रिजलँडच्या चर्चमध्ये विलीन करण्याचा विचार आहे. डॉक्टर थॉर्विक नावाचे पाहणी अधिकारी फेब्रुवारीतल्या दुसऱ्या बुधवारी येतील.

रिजलँड अठरा मैलांवर होतं आणि काउंटीच्या हद्दीपलीकडे होतं. ऑरिनच्या कागदावर एकाच काउंटीचं नाव होतं. नवा फॉर्म भरून, मंजूर होऊन येईपर्यंत तीन-चार बुधवार हातचे जाणार. शिवाय रिजलँडच्या चर्चपासून चार मैलांत बार नव्हता. तिथल्या लोकांनी चर्च कशासाठी बांधलं, हे ऑरिनला कळेना.

पत्र आलं त्याच बुधवारी गॉर्डीच्या मागच्या खोलीत त्याने सभा घेतली. खुर्चीवर चढला.

"मित्रहो, आपल्या पूर्वजांनी हे चर्च स्वतःच्या हातांनी बांधलं!"

"तुझ्या आजोबाला तर तिथून हाकललं होतं," मर्लिन म्हणाला.

"हाकललं म्हणजे आधी आत होताच की नाही? आज ते आपलं चर्च घेतायत, उद्या काय घेतील?"

"बार," मागून कोणीतरी म्हणालं, आणि सभेत पहिल्यांदाच खरी घबराट पसरली.

"डॉक्टर थॉर्विकच्या डोळ्यांत भरेल अशी गर्दी पाहिजे," ऑरिन म्हणाला. "प्रत्येकाने आपापल्या माणसाला घेऊन या. भाऊ, मेहुणा, कोणीही. धुतलेले शर्ट. आणि देवासाठी सांगतो, सव्वासातला कोणीही उठायचं नाही!"

फेब्रुवारीतल्या त्या दुसऱ्या बुधवारी चर्चच्या आवारात एक्केचाळीस गाड्या उभ्या होत्या. आपल्या घरापुढचा रस्ताही कधी साफ न करणाऱ्या माणसांनी चर्चच्या पायऱ्यांवर मीठ टाकलं होतं. डॉक्टर थॉर्विक गुलाबी चेहऱ्याचे, मऊ हातांचे गृहस्थ होते. गेल्या वर्षात त्यांनी अकरा चर्चं बंद केली होती, आणि त्या प्रत्येक ठिकाणी लिंबाचा तोच केक खाल्ला होता. दारातून आत येताच ते थबकले.

"पुरुष!" ते पुटपुटले. "पास्टर येल्म, हे सगळे पुरुष आहेत!"

"हो," पास्टरबाई म्हणाल्या. "माझ्याही लक्षात आलंय."

प्रार्थना झाल्यावर सगळे तळघरात जमले. केक होताच. सात वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. ऑरिनच्या तळपायांना मुंग्या येत होत्या, पण तो प्रसन्न हसत होता. पाच मिनिटांत हे आटोपलं, तर पहिल्या डावाला पोचता येणार होतं.

डॉक्टर थॉर्विक खुर्चीमागे उभे राहिले. त्यांचा आवाज भरून आला होता.

"मी आज इथे कुलूप घेऊन आलो होतो," ते म्हणाले. "पण एवढी ओढ मी कुठेच पाहिली नाही. हे चर्च बंद होणार नाही!"

टाळ्या. मर्लिनने ऑरिनच्या पाठीत धपाटा घातला.

"फक्त एक अट आहे. एवढी ओढ पाऊण तासात कशी भागेल? इथून पुढे दर बुधवारी प्रार्थनेनंतर नऊ वाजेपर्यंत बायबलचं वाचन आणि चर्चा होईल. येणं ऐच्छिक असेल. पण ती चालवायला तुमच्यातलाच एक जण लागेल, एकही बुधवार न चुकवणारा. ते नाव आज मिळालं, तर प्रस्ताव मी आत्ता इथेच फाडतो. नाही मिळालं, तर..." त्यांनी दुःखाने केक खाल्ला.

पास्टरबाई कॉफी ढवळत होत्या. कॉफीत साखर नव्हती.

सव्वीस डोक्यांत एकच हिशेब चालला होता. येणं ऐच्छिक. थांबावं लागणार एकालाच.

"ऑरिन," मर्लिन म्हणाला.

"ऑरिन!" दंतवैद्य म्हणाला.

"एकतीस वर्षांत एकही बुधवार चुकवलेला नाही!" छपरं शाकारणाऱ्यांतला एक ओरडला, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

"थांबा, थांबा!" ऑरिन उठून उभा राहिला. समोरच्या खिडकीतून रस्त्यापलीकडचा दिवा दिसत होता. गॉर्डी पत्ते पिसायला लागला असणार. नाही म्हणावं तर चर्च जातं, चर्चबरोबर बुधवार जातो. हो म्हणावं तर नुसताच बुधवार जातो. एकतीस वर्षांत अशी पानं त्याच्या हातात कधी आली नव्हती. आणि दोन्हीकडून आपणच मरतोय हे कळल्यावर माणूस जे करतो, ते त्याने केलं. खरं बोलला.

"डॉक्टर, तुम्ही फसताय. आम्ही इथे देवासाठी येत नाही. आमची लायसन्सं गेलीत. पिऊन गाड्या चालवल्या म्हणून गेलीत. मी तर गावाची पाटी पाडली. कागदावर चर्चला जायला परवानगी आहे, बारला नाही, म्हणून गाड्या इथे लावतो आणि पत्ते खेळायला समोर जातो. मीच ही टूम काढली, मीच यांना शिकवली. मला वाचन-चर्चा काही येत नाही. चौथं कडवं आलं की मी फक्त घड्याळ बघतो."

कोणीतरी खोकलं. मर्लिनने डोळे मिटून घेतले. अर्डिस मोल्झाननी शेजारणीला विचारलं, "काय म्हणतोय?" शेजारीण त्यांच्या कानात ओरडली, "पत्ते खेळतो म्हणतोय!" "बरं," अर्डिसबाई म्हणाल्या.

डॉक्टर थॉर्विक पास्टरबाईंकडे वळले. "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. डेप्युटी सांगून गेला होता."

"आणि तुम्ही चालू दिलंत?"

"डॉक्टर, माझ्या चर्चमध्ये नऊ बायका आहेत," पास्टरबाई म्हणाल्या. "त्यांच्यातल्या सातजणींना फावडं उचलत नाही."

डॉक्टर थॉर्विकनी खिशातून अहवालाचा कागद काढला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. 'उपस्थितांची संख्या' असा रकाना होता. 'येण्याचं कारण' असा रकाना नव्हता. वर्षाच्या अहवालात अकरा बंद चर्चांपुढे एक तरी भरलेलं चर्च दाखवायचं होतं, आणि त्यांच्या वरिष्ठांनी याची दोनदा आठवण करून दिली होती. त्यांनी संख्या लिहिली. मग चष्मा काढून डोळे पुसले.

"सव्वीस वर्षं मी चर्चच्या सभांना बसतोय," ते म्हणाले. "आपण का येतो हे माणसाने उभं राहून सांगितल्याचं आज पहिल्यांदा ऐकलं. मिस्टर झॅस्ट्रो, वाचन तुम्हीच चालवायला हवं."

"अहो, पण मी सांगितलं काय..."

"तेच तर!"

मतदान झालं; पाहुण्या भावा-मेहुण्यांना मत नव्हतं. ऑरिनच्या बाजूने पंचवीस पुरुष आणि नऊ बायका, त्याच्या विरुद्ध एकटा ऑरिन. त्याने नकार देण्यासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात मर्लिन त्याच्या कानाशी वाकला.

"ऑरिन, चर्च गेलं तर कोणामुळे गेलं ते आम्ही सगळे लक्षात ठेवू. आम्हा पंचवीस जणांचे विमे तुझ्याकडे आहेत. रिजलँडलाही एजंट आहे, मी चौकशी केलीय. मोठा गोड माणूस आहे म्हणतात, व्याख्यान देत नाही."

ऑरिनने तोंड मिटलं. डॉक्टरांनी प्रस्ताव फाडला, आणि तुकडे ठेवायला जागा सापडेना म्हणून ऑरिनच्याच हातात दिले.

पुढच्या बुधवारी बरोब्बर सव्वासातला पंचवीस माणसं उठली. गडबड नाही, गोंधळ नाही. मनावरचं ओझं उतरलेल्या माणसांसारखी ती एकेक करून ऑरिनपुढून गेली. कोणी त्याचा हात दाबला, कोणी खांदा थोपटला.

"देवाचं काम आहे, ऑरिन," मर्लिन हलक्या आवाजात म्हणाला. "आमची कुठे एवढी लायकी?"

मग ऑरिन तळघरात टेबलाशी उभा राहिला. समोर नऊ बायका, नऊ विणकामं, नऊ कप. पास्टरबाईंनी पान उघडून दिलं होतं आणि त्या पुढच्या गावच्या चर्चला निघून गेल्या होत्या. तळघराची खिडकी रस्त्याच्या पातळीवर होती. तिच्यातून आधी पंचवीस जोडी बूट रस्ता ओलांडताना दिसले, मग दार उघडलं, उजेड सांडला, दार मिटलं. थोड्या वेळाने बारच्या खिडकीत मर्लिन दुफेकचं डोकं दिसलं. तो टेबलावर वाकून खिशातल्या चाकूने काहीतरी उचकटत होता. एक, दोन, तीन, चार स्क्रू. गॉर्डी दिवा धरून उभा होता.

ऑरिनला शब्द दिसेनात. तरी तो वाचू लागला. धार्मिकतेशी त्याचा काही संबंध नव्हता. उघडं पान आणि अठरा डोळे समोर असताना दुसरं काही सुचत नाही, एवढंच. चौथ्या ओळीपर्यंत पोचला, तोच समोरून हशाचा एक मोठा लोट आला आणि तळघरातल्या कपबशा किणकिणल्या.

अर्डिस मोल्झाननी विणकाम मांडीवर ठेवलं. आज पहिल्यांदाच त्या कानाचं यंत्र घालून आल्या होत्या.

"ऑरिन, बाळा, जरा मोठ्याने," त्या म्हणाल्या. "त्या समोरच्या दारुड्यांच्या आरडाओरड्यात काही ऐकू येत नाही. काय माणसं असतात एकेक!"

"हो, अर्डिसबाई," ऑरिन म्हणाला, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून, मोठ्याने, वाचू लागला.